'जर'च्या बाजूला 'वुड' का चालत नाही? इंग्रजीतल्या जर-तर वाक्यांबद्दल मदत हवी आहे

सायली_लिहिते

नमस्कार मंडळी.

गेल्या महिन्यात माझ्या एका ईमेलमुळे दोन दिवस वाया गेले. समोरच्यांना मला एवढंच कळवायचं होतं, की तुम्ही फाईल पाठवलीत तर आम्ही काम सुरू करू. मी लिहिलं, 'इफ यू सेंट द फाईल, वी विल स्टार्ट द वर्क.' तिकडून उत्तर आलं, 'आम्ही अजून काहीच पाठवलेलं नाही, तुम्ही कुठल्या फाईलबद्दल बोलताय?' मग त्यांनी त्यांच्याकडे शोधलं, मी माझ्याकडे शोधलं. शेवटी फोनवर उलगडा झाला. माझं वाक्य त्यांनी 'तुम्ही फाईल पाठवली असेल तर' असं वाचलं होतं.

माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. जर-तर वाक्यांच्या प्रकारांची झिरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड कंडिशनल ही नावं मला पाठ आहेत, तक्ता पाठ आहे, रिकाम्या जागा भरा म्हटलं तर बहुतेक बरोबर भरते. पण बोलताना किंवा घाईत लिहिताना जे वाक्य बाहेर पडतं ते चुकलेलं असतं. नेहमीच्या चुका इथे देते:

'इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव टोल्ड यू.'
'अनटिल यू डोन्ट कन्फर्म, आय कॅनॉट प्रोसीड.'
'इफ इट विल बी लेट, प्लीज कॉल मी.'

वाक्य चुकलं हे मला पाच मिनिटांनी कळतं, म्हणजे नियम ठाऊक आहे. मग तो वेळेवर का आठवत नाही? नियम पुन्हा सांगू नका, तो वहीत आहे. या चुका मुळात होतात कशामुळे, ते कोणी समजावून सांगेल का?

जुने_मास्तर

सायलीताई, मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. तुमची तिन्ही वाक्यं आणि तो ईमेल मी शेकडो वह्यांत लाल शाईने दुरुस्त केला असेन. फार उशिरा माझ्या लक्षात आलं, की ही मुलं इंग्रजीत चुकत नव्हती. ती मराठी अगदी बरोबर बोलत होती, फक्त शब्द इंग्रजी होते.

तुमच्या ईमेलपासून सुरुवात करू. 'तुम्ही फाईल पाठवलीत तर' यातलं 'पाठवलीत' हे रूप भूतकाळाचं आहे. फाईल मात्र अजून यायची आहे. 'तू आलास तर बरं होईल' म्हणताना कोणीही आलेलं नसतं. मराठीत आपण ती गोष्ट झाली असं घटकाभर धरून चालतो आणि पुढचं बोलतो. हे इतकं अंगवळणी पडलेलं आहे, की ते भूतकाळाचं रूप आहे हेच आपल्या ध्यानात येत नाही. इंग्रजीत त्याच जागी साधा वर्तमानकाळ येतो: 'इफ यू सेंड द फाईल, वी विल स्टार्ट.'

इंग्रजीत 'इफ'नंतर भूतकाळाचं रूप आलं, तर वाचणारा त्याचे दोन अर्थ लावू शकतो. एक, मागे खरंच घडलेलं असू शकेल असं काही: 'इफ यू सेंट इट यस्टरडे, इट मस्ट बी इन माय इनबॉक्स.' दुसरा, जे घडेल असं बोलणाऱ्याला फारसं वाटत नाही ते: 'इफ यू सेंट इट, वी वुड स्टार्ट.' तुमच्या वाक्यात पुढे 'वुड' नव्हतं, 'विल' होतं. म्हणून त्यांनी पहिला अर्थ घेतला. त्यांचं वाचन चुकलं नाही.

आता 'इफ आय वुड हॅव नोन'. हेच वाक्य मराठीत म्हणून पाहा: 'मला कळलं असतं तर मी तुला सांगितलं असतं.' दोन्ही पारड्यांत 'असतं' आहे. वजन सारखं, रूप सारखं. आपल्या व्याकरणात याला संकेतार्थ म्हणतात आणि तो वाक्याच्या दोन्ही भागांत सारखाच दिसतो. 'सांगितलं असतं'चं 'वुड हॅव टोल्ड' हे भाषांतर बरोबर आहे. मग 'कळलं असतं'चंही 'वुड हॅव नोन'च होणार, असं मन धरून चालतं. इंग्रजीत मात्र पारडी सारखी नसतात. 'वुड' फक्त परिणामाच्या पारड्यात जातं. अटीच्या पारड्यात क्रियापद नुसतं एक पायरी मागे सरकतं, 'नो'चं 'न्यू' होतं किंवा 'न्यू'चं 'हॅड नोन' होतं.

एक उपाय सांगतो, माझ्या विद्यार्थ्यांना त्याचा सगळ्यांत जास्त उपयोग झाला. वाक्य उलटं बोला, परिणाम आधी: 'आय वुड हॅव टोल्ड यू इफ आय हॅड नोन.' 'वुड' तोंडातून आधीच बाहेर पडलं, की ते पुन्हा घालायचा मोह कमी होतो. मराठीत आपण अट आधी सांगतो, म्हणून इंग्रजीतही अटीपासूनच सुरुवात करतो आणि तिथेच अडतो. इंग्रजीत दोन्ही क्रम सारखेच चालतात. परिणाम आधी आला तर मध्ये स्वल्पविरामही सहसा लागत नाही.

कानसेन

मास्तरांना अनुमोदन. एक कारण कानाचंही आहे. इंग्रजी बोलणारे 'आय हॅड' असं पूर्ण म्हणत नाहीत, 'आय वुड'ही पूर्ण म्हणत नाहीत. दोन्हींचं 'आय्ड' होतं. 'इफ आय्ड नोन, आय्ड हॅव टोल्ड यू.' यातलं पहिलं 'आय्ड' म्हणजे 'आय हॅड' आणि दुसरं म्हणजे 'आय वुड', पण ऐकायला दोन्ही सारखी. मी कित्येक वर्षं मालिका बघून इंग्रजी शिकलो आणि दोन्ही ठिकाणी 'वुड'च आहे असं समजत होतो. मालिकांची लिखित संहिता वाचायला लागलो तेव्हा हा फरक लक्षात आला.

ओळखायची खूण सोपी आहे. 'आय्ड'नंतर 'नोन', 'सीन', 'गॉन' असं तिसरं रूप आलं तर ते 'हॅड'. 'हॅव' किंवा 'गो', 'सी' असं मूळ रूप आलं तर ते 'वुड'.

निखळ७

मला वाटतं आपण विषय अवघड करतोय. शून्य, एक, दोन, तीन हे चार साचे नीट घोटले की काम होतं. मी तसंच शिकलो, स्पर्धा परीक्षेत सगळे प्रश्न बरोबर आले. साचा पाठ असला की चूक व्हायला जागाच राहत नाही. सायलीताई, सराव कमी पडतोय एवढंच.

जुने_मास्तर

निखळ, परीक्षेसाठी साचे उपयोगी आहेत, मीही ते शिकवले. पण हे आकडे म्हणजे वर्गात शिकवायला केलेली सोय आहे. भाषा त्या चार खणांत मावत नाही. 'इफ आय हॅड टेकन दॅट जॉब, आय वुड बी लिव्हिंग अब्रॉड नाऊ' हे वाक्य कुठल्या खणात घालाल? अट कालची आहे, परिणाम आजचा आहे. त्यासाठी मग 'मिक्स्ड' नावाचा पाचवा खण करावा लागला. 'इफ इट रेन्ड, वी स्टेड इनडोअर्स' हे तर चारांपैकी एकातही बसत नाही. पाऊस पडला की आम्ही घरातच थांबायचो, एवढी ती जुनी सवय सांगितली आहे. त्यात न घडलेलं काहीच नाही.

परीक्षेत साचा समोर ठेवलेला असतो, आपण त्यात शब्द भरतो. बोलताना साचा निवडावा लागतो, आणि सायलीताई नेमक्या तिथे अडतात. निवड करायची तर आकडा आठवून भागत नाही. मला ही गोष्ट कितपत शक्य वाटते आणि तिची वेळ टळून गेली का, एवढं स्वतःला विचारावं लागतं.

अनुवादातली

मी व्यवसायाने अनुवादक आहे, मराठीतून इंग्रजीत. मास्तरांचं शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण माझा सगळ्यांत जास्त वेळ याच निवडीत जातो. आपल्याकडे 'असता तर... असतं' हे एकच रूप तिन्ही काळांत चालतं. बघा:

काल मला वेळ असता तर मी आले असते.
आत्ता मला वेळ असता तर मी आले असते.
उद्या मला वेळ असता तर मी आले असते.

मराठी वाचणाऱ्याला यात काहीच खटकत नाही. काल, आत्ता, उद्या हे शब्द काढून टाकले, तर वाक्य कुठल्या काळाचं ते फक्त संदर्भावरून कळतं. आपलं रूप एकच गोष्ट सांगतं: हे खरं नाही. कधी खरं नाही, ते सांगत नाही.

इंग्रजीत मात्र ते सांगितल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. कालचं असेल तर 'इफ आय हॅड हॅड टाईम, आय वुड हॅव कम.' आजचं किंवा उद्याचं असेल तर 'इफ आय हॅड टाईम, आय वुड कम.' म्हणून 'आले असते' दिसलं रे दिसलं की 'वुड हॅव कम' लिहायचं, ही आपल्याकडची सर्रास दिसणारी चूक. 'मी तुमच्या जागी असते तर राजीनामा दिला असता' हे वाक्य मित्राला आज सल्ला म्हणून सांगितलं असेल, तर ते 'इफ आय वेअर यू, आय वुड रिझाईन' होतं. 'वुड हॅव रिझाईन्ड' म्हटलं तर त्याला वाटेल, की वेळ निघून गेली आणि आता बोलून उपयोग नाही. सल्ल्याची हळहळ होते.

मी स्वतः अशी युक्ती करते: मराठी वाक्यात 'अजूनही' घालून बघते. अर्थ टिकला तर साधा भूतकाळ आणि 'वुड', मोडला तर 'हॅड'सह तिसरं रूप आणि 'वुड हॅव'.

'हॅड हॅड' दोनदा लागोपाठ आलं की छपाईची चूक समजून एक काढून टाकतात, तसं करू नका. पहिलं 'हॅड' काळ मागे नेणारं आहे, दुसरं 'जवळ असणे' या अर्थाच्या 'हॅव' क्रियापदाचं तिसरं रूप आहे. दोन्हींची गरज आहे.

सायली_लिहिते

हे वाचून मी काल बराच वेळ वही घेऊन बसले होते. 'सल्ल्याची हळहळ होते' हे वाक्य मनात घोळत राहिलं, कारण मी ही चूक मोठ्या बहिणीच्या मुलीशी बोलताना केली आहे. ती इंग्रजी माध्यमातली. मी तिला म्हणाले होते, 'आय वुड हॅव चोझन सायन्स.' ती गप्प झाली होती. तिचा प्रवेश अजून व्हायचा होता.

काही वाक्यं करून बघितली, तपासाल का?

१. 'इफ माय फादर वेअर अलाइव्ह, ही वुड हॅव बीन सेव्हन्टी.'
२. 'आय वुड हॅव कॉल्ड इफ माय फोन हॅड नॉट डाइड.'
३. 'इफ आय न्यू ड्रायव्हिंग, आय वुड नीड नोबडी.'

अनुवादातली

दुसरं वाक्य अगदी बरोबर आहे.

पहिल्यात 'अजूनही' घालून बघा. वडील अजूनही असते तर आज सत्तर वर्षांचे असते. अर्थ टिकतो, बोलणं आजचं आहे. म्हणून 'ही वुड बी सेव्हन्टी'. हा 'असते' सगळ्यांना फसवतो, कारण 'सत्तर वर्षांचे असते' आणि 'आले असते' या दोन्हींत दिसायला तोच शब्द आहे. पहिल्यात तो एकटा आहे, दुसऱ्यात 'आले'च्या मागे उभा आहे. एकटा 'असते' असेल तर 'वुड बी' धरून चाला आणि मग काळ तपासा.

तिसऱ्यात व्याकरणाचा साचा बरोबर आहे, फक्त 'न्यू ड्रायव्हिंग' ऐवजी 'न्यू हाऊ टू ड्राईव्ह' म्हणा. 'आय वुड नीड नोबडी' चालेल, पण 'आय वुडन्ट नीड एनीवन' जास्त सहज वाटतं.

भाचीला आजही सांगता येईल. 'इफ आय वेअर यू, आय वुड चूज सायन्स.'

फ्रेंचचा_विद्यार्थी

सायलीताईंना धीर यावा म्हणून लिहितो. हे एकट्या मराठी माणसाचं दुखणं नाही. फ्रेंचमध्ये 'जर'ला 'सि' म्हणतात आणि 'वुड'सारखा अर्थ देणारं रूप 'रे' या उच्चाराने संपतं. नियम इंग्रजीसारखाच आहे, 'सि'च्या बाजूला ते रूप येत नाही. फ्रेंच मातृभाषा असलेली मुलं तिथेच चुकतात, दोन्हीकडे 'रे' लावतात. म्हणून तिथल्या मुलांना एक ओळ घोकायला लावतात. तिचा अर्थ साधारण असा, 'सि'ला 'रे' आवडत नाही. जन्मापासून ती भाषा बोलणाऱ्या मुलांनाही हे घोकावं लागतं, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या करायची ओढ किती जोराची असेल बघा.

हिंदीतही आपल्यासारखंच, 'तुम आते तो मैं जाता'. दोन्हीकडे तेच 'ता'-'ते'चं रूप.

धातुसाधित

संस्कृतमध्येही तेच. न घडलेल्या गोष्टीसाठी लृङ् हा वेगळा लकार, म्हणजे क्रियापदाच्या रूपांचा वेगळा गट आहे, पाणिनी त्या अर्थाला क्रियातिपत्ती म्हणतो, म्हणजे क्रिया घडायची राहून जाणं. 'सुवृष्टिश्चेदभविष्यत् तदा सुभिक्षमभविष्यत्.' चांगला पाऊस झाला असता तर सुकाळ झाला असता. दोन्हीकडे 'अभविष्यत्'. दोन्ही बाजू सारख्या ठेवायची आपली सवय फार जुनी आहे.

'आय वेअर'बद्दल थोडं लिहितो, कारण 'आय'ला 'वॉज' शिकवलं आणि इथे 'वेअर' कुठून आलं, हा प्रश्न मला शाळेत कोणी सोडवून दिला नाही. जुन्या इंग्रजीत कल्पनेतल्या, इच्छेतल्या गोष्टींसाठी क्रियापदाची वेगळी रूपं होती. काळाच्या ओघात शब्दांचे शेवट झिजले आणि बहुतेक क्रियापदांची ती रूपं साध्या भूतकाळासारखीच दिसू लागली. 'बी' या क्रियापदात मात्र फरक टिकला. म्हणजे 'इफ आय वेअर' मधलं 'वेअर' हा अनेकवचनाचा घोटाळा नाही, ते त्या जुन्या रूपाचं उरलेलं चिन्ह आहे. 'इफ आय न्यू' मधलं 'न्यू' दिसायला भूतकाळाचं आहे, पण काम त्याच जुन्या रूपाचं करतं. हे कळल्यापासून 'आजच्या गोष्टीला भूतकाळ कसा?' हा प्रश्न मला पडत नाही. बोलताना आता पुष्कळ लोक 'इफ आय वॉज' म्हणतात, ते कानाला खटकत नाही. औपचारिक लिखाणात आणि 'इफ आय वेअर यू' मध्ये 'वेअर'च ठेवावं.

कानसेन

धातुसाधित, सुंदर माहिती. त्यावरून सुचलं. भूतकाळ वापरून अंतर दाखवणं आपल्यालाही परकं नाही. कोणाकडे काही मागायचं असलं की आपण म्हणतो, 'मला जरा विचारायचं होतं.' विचारायचं आत्ता असतं, 'होतं' फक्त अदबीने एक पाऊल मागे घ्यायला येतं. इंग्रजीतलं 'आय वॉन्टेड टू आस्क' तसंच. 'इफ आय हॅड टाईम' मधलं 'हॅड' हे वास्तवापासून घेतलेलं तेच पाऊल आहे असं समजलं, की मला ते नैसर्गिक वाटायला लागतं.

निखळ७

मी मत बदलतोय असं नाही, पण 'अजूनही'ची युक्ती वापरून जुन्या प्रश्नपत्रिकेतली वीस वाक्यं सोडवली. आकडे न आठवता वीसही बरोबर आली. हे मी आधी शिकायला हवं होतं.

एक शंका. माझे इंग्रजी मातृभाषा असलेले दोन सहकारी सरळ 'इफ आय वुड हॅव नोन' म्हणतात. मग ते चूक कसं?

जुने_मास्तर

अमेरिकन बोलीत ते खूप ऐकू येतं, हे खरं आहे. दोन्ही बाजू सारख्या करायची ओढ त्यांनाही आहे, फ्रेंच मुलांसारखीच. पण प्रमाण लेखनात आणि परीक्षेत ते चूकच धरलं जातं. ते ऐकून तुम्ही गोंधळू नका आणि त्यांना दुरुस्तही करू नका. आपण लिहिताना 'हॅड नोन' लिहावं.

असंच 'वुड हॅव'चं घाईत 'वुडव्ह' होतं, ते 'वुड ऑफ' असं ऐकू येतं आणि इंग्रजी मातृभाषा असलेली माणसंही तसं लिहून जातात. तेही टाळा.

मंजिरी_व

धागा आवडला. सायलीताईंच्या अगदी पहिल्या यादीतल्या तिसऱ्या वाक्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. 'इफ इट विल बी लेट'. 'इफ'नंतर 'विल' नको, हा नियम आपण इतका घट्ट धरतो, की जिथे 'विल' हवं तिथेही ते काढतो. 'आय डोन्ट नो इफ ही विल कम' हे वाक्य पूर्ण बरोबर आहे. तो येईल की नाही, मला माहीत नाही. इथे 'इफ' म्हणजे 'तर' नाहीच, 'की नाही' आहे. एका मुलीने मला हेच वाक्य 'इफ ही कम्स' असं दुरुस्त करून दाखवलं होतं.

मराठीत ओळखायला सोपं जातं. मनातल्या वाक्यात 'तर' असेल तर 'विल' नको. 'का' किंवा 'की नाही' असेल तर 'विल' चालेल.

विनंतीतही 'विल' आणि 'वुड' येतात: 'इफ यू विल वेट हिअर', 'आय वुड बी ग्रेटफुल इफ यू वुड रिप्लाय'. तिथे त्यांचा अर्थ भविष्य नसतो, 'तुमची तयारी असेल तर' असा असतो. पत्रात दुसरं वाक्य दिसलं तर चूक समजू नका.

सायली_लिहिते

मंजिरी, 'तर' आणि 'की नाही' हे लगेच डोक्यात बसलं. मग 'अनटिल यू डोन्ट कन्फर्म' चं काय? हे वाक्य माझ्या आसपास सगळेच बोलतात, कोणी चूक म्हणत नाही.

मंजिरी_व

कारण मराठीत ते बरोबर आहे. 'तुम्ही जोपर्यंत कळवत नाही तोपर्यंत मी पुढे जाऊ शकत नाही.' आपल्या वाक्यात 'नाही' दोनदा येतं आणि कोणाला खटकत नाही. इंग्रजीत 'अनटिल'मध्ये तो नकार धरलेलाच असतो: 'अनटिल यू कन्फर्म, आय कॅनॉट प्रोसीड.' 'अनलेस'चंही तसंच. 'अनलेस यू डोन्ट स्टडी, यू विल फेल' लिहिलं की अर्थ उलटा होतो, अभ्यास केलास तर नापास होशील असा.

'अनलेस'साठी मनात 'जोपर्यंत' आणू नका, 'शिवाय' आणा. 'तू कळवल्याशिवाय', 'तू अभ्यास केल्याशिवाय'. या वाक्यात 'नाही' फक्त एकदा, शेवटी येतं, आणि इंग्रजीतही तेवढंच लागतं.

फ्रेंचचा_विद्यार्थी

'की' आणि 'तर' वरून अजून एक. 'तो आला की सांग' आणि 'तो आला तर सांग' यांतला फरक कुठल्याही मराठी मुलाला कळतो. पहिल्यात तो येणार हे नक्की, दुसऱ्यात नाही. 'की'ला 'व्हेन', 'तर'ला 'इफ'. इथे मराठी आपल्याला पूर्ण मदत करते आणि तरी आपण 'इफ द मीटिंग एन्ड्स, कॉल मी' असं लिहितो. मीटिंग तर संपणारच आहे.

'इन केस'ही जपून वापरा. 'टेक अ टॉर्च इन केस द लाईट्स गो' म्हणजे दिवे जातील न जातील, टॉर्च आधीच जवळ ठेव. 'इफ द लाईट्स गो, टेक अ टॉर्च' म्हणजे दिवे गेल्यावर घे. आपल्याकडे दोन्ही एकच समजून वापरतात.

सायली_लिहिते

सगळ्यांचे मनापासून आभार. गेले आठ दिवस रोज दहा वाक्यं उलट्या क्रमाने मोठ्याने म्हणते आहे, परिणाम आधी. लिखाणात फरक पडलाय. काल 'इफ यू सेंड द रिव्हाईज्ड कॉपी टुडे, वी विल फिनिश बाय फ्रायडे' हे न अडखळता लिहिलं. भाचीलाही फोन केला, ती चिडली नव्हती, तिला फक्त वाटलं होतं की मावशीच्या मते उशीर झालाय.

पण आज बैठकीत पुन्हा तेच. सगळ्यांसमोर 'इफ आय वुड हॅव...' इतकं बोलले आणि चूक त्याच क्षणी कळली. आधी पाच मिनिटांनी कळायची, ही प्रगती आहे हे मला माहीत आहे. पण पुढे काय बोलावं ते सुचेना, मी थांबले आणि वाक्य अर्धंच राहिलं. अशा वेळी काय करायचं? माफी मागून पुन्हा सुरुवात करायची का?

जुने_मास्तर

माफी नको. 'इफ' तोंडातून गेलं ते जाऊ द्या, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. 'आय वुड हॅव' तुम्ही म्हणालाच आहात आणि ते परिणामाच्या बाजूचं आहे. एक श्वास घ्या आणि तिथूनच पुढे न्या: '...आय वुड हॅव टोल्ड यू, इफ आय हॅड नोन.' वाक्य पूर्ण होतं आणि बरोबरही होतं.